सहा स्थळं आणि थंड भजी

दापोली,
६ जानेवारी २०२५

चि. रुचितास हंसाआत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पावलं. वाचून आनंद झाला आणि मग लाल पेन शोधावं लागलं. अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, हाताची सवय जात नाही. सत्तेचाळीस इंग्रजी शब्द निघाले. 'वीकेंडला नवीन स्पॉट ट्राय केला, फुल्ल चिल सीन होता' या वाक्यात मराठीच्या वाट्याला 'नवीन', 'केला' आणि 'होता' एवढंच आलंय. स्पॉट म्हणजे डाग, असं मी आजवर समजत होते. दर रविवारी तू नवा डाग कसला ट्राय करतेस?

तेव्हा यापुढे पत्र लिहायचं तर मराठीत, नाहीतर आलं तसं परत पाठवीन. फोनचा उपयोग नाही हे तुला माहीत आहे. फोनवर मला तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. ते ऐकू यायचं यंत्र कानात घातलं की शिट्टी वाजते आणि शेजारचा कुत्रा उठून बसतो.

दादा रोज मला विचारतो, पोरगी काय खाते, कोणाबरोबर हिंडते. तुला विचारायला मात्र त्याची जीभ रेटत नाही. वहिनी गेल्यापासून तुम्हा बापलेकीचं बोलणं म्हणजे पोचलीस का आणि जेवलीस का, एवढंच. म्हणून पत्रात जरा सविस्तर लिही, मी वाचून दाखवीन.

लोभ आहे तो वाढवावा, सोबत शब्दसंग्रहही वाढवावा.

तुझी,
हंसाआत्या


मीरा रोड,
१३ जानेवारी २०२५

ती. आत्यास रुचिताचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. लाल शाईचा प्रसाद मिळाला. माझ्याबरोबर राहणाऱ्या मिनलने तो फ्रीजवर चिकटवलाय. आता 'फ्रीज' मोजू नकोस, शीतकपाट लिहिलं तर मिनल मला घराबाहेर काढेल. हे पत्र मी शब्दकोश मांडीवर घेऊन लिहितेय.

आठवडाभर कार्यालय एके कार्यालय. शनिवार-रविवार मात्र आमचे. आम्ही स्थळं पाहत हिंडतो. गेल्या महिन्यात सहा स्थळं पाहिली, एका रविवारी तर दोन उरकली. बहुतेक स्थळी खाणं चांगलं मिळतं. हाटकेशच्या स्थळाने निराशा केली. नाव मोठं, पण भजी थंडगार आणि विचारपूस शून्य. तिथे मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. बेव्हर्ली पार्कचं स्थळ घराजवळ आहे, दिसायलाही देखणं, पण मागणी फार. नाव लिहून बाहेर ताटकळावं लागतं, आमच्या आधी नऊ नावं होती.

सगळ्यांत आवडलं ते चौकचं. उत्तनच्या जवळचं ते कोळ्यांचं गाव. अगदी समुद्राला लागून, घरगुती, दिखावा अजिबात नाही. तिथल्या शांतीबाई स्वतः रांधून वाढतात. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या की पोरी, तू लय हडकली हाय, घरचं कोन खाया घालीत न्हाय काय तुला. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. तिथे मन रमतं, आत्या. दर पंधरा दिवसांनी जातेय.

ही सगळी स्थळं नीरज दाखवतो. त्याला इथली एकूण एक ठाऊक आहेत. त्याच्याबद्दल एक गोष्ट मनात आहे आणि ती बाबांना कशी सांगायची तेच कळत नाही. धीर गोळा करतेय. पुढच्या पत्रात लिहिते.

तीळगूळ सोबत आहे. लोभ असू दे, शाई निळी असू दे.

तुझी,
रुचिता


दापोली,
२० जानेवारी २०२५

चि. रुचितास आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र मी तीनदा स्वतः वाचलं आणि चौथ्यांदा दादाला वाचून दाखवलं. भाषा सुधारली आहे. बाकीचं वाचून मला पाणी प्यावं लागलं.

महिन्यात सहा स्थळं, तीही घरातलं मोठं माणूस सोबत न घेता. आणि भजी थंड होती म्हणून नकार? लोक पत्रिका बघतात, शिक्षण बघतात. भजी बघून नाकारणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच. बेव्हर्ली पार्कच्या मुलासाठी नऊ जणी नाव लिहून बाहेर उभ्या असतील तर तो नाद सोड. इतका देखणा नवरा सांभाळण्यात आयुष्य जाईल.

चौकच्या मुलाविषयी मात्र तू एक अक्षर लिहिलं नाहीस. नाव काय, शिकलाय किती, होडीवर जातो की नोकरीला? आई मला पसंत आहे. पहिल्या भेटीत मुलीला हडकली म्हणणारी बाई सासू म्हणून वाईट निघणार नाही. कोळी तर कोळी, घरात मासे ताजे येतील. फक्त ठरण्याआधी दर पंधरा दिवसांनी जेवायला जाणं बरं दिसत नाही.

तो नीरज नावाचा मध्यस्थ भरवशाचा वाटतो. लग्न जुळवणाऱ्याला मानाचा पोशाख करायची रीत आहे, तेवढं सांगायला तू बाबांना घाबरतेस?

 संध्याकाळी दादा पांढरा सदरा इस्त्रीला देऊन आला आणि बोरिवलीच्या एसटीचं तिकीट काढून आला. रविवारी, ९ फेब्रुवारीला, तो चौकचं स्थळ पाहायला येतोय. शांतीबाईंना कल्पना देऊन ठेव.

लोभ आहेच, आता काळजीही आहे.

तुझी,
हंसाआत्या


मीरा रोड,
२५ जानेवारी २०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. खरं तर आज लोटांगणच.

वि. वि. तुझं पत्र वाचून मी आणि मिनल हसून हसून लोळलो. मग मी तारीख वाचली आणि उठून बसले.

अगं, स्थळ म्हणजे स्पॉट. तू स्पॉटवर लाल रेघ मारलीस, शब्दकोशात डाग, ठिपका आणि स्थळ असे तीन अर्थ सापडले, त्यातला बरा दिसला तो मी घेतला. लिहिताना डोक्यात शाळेच्या सहलीचं 'प्रेक्षणीय स्थळ' होतं. हाटकेशचं स्थळ म्हणजे चहा-भज्यांची टपरी, ती मोठी झाली आणि बिघडली. बेव्हर्ली पार्कचं देखणं स्थळ म्हणजे पिझ्झाचं दुकान. आणि शांतीबाईंना मुलगा नाहीच, दोन मुली आहेत, दोघी सासरी. त्यांच्या ओसरीवर चार बाकडी आहेत, तिथे त्या लोकांना जेवायला घालतात.

आता खरी गोष्ट. नीरज मध्यस्थ नाही. हाटकेशला त्याचा आणि त्याच्या वडिलांचा पुठ्ठ्याचे खोके बनवायचा छोटा कारखाना आहे. केकचे, पिझ्झाचे, मिठाईचे खोके तोच पुरवतो, म्हणून खाण्याची प्रत्येक जागा त्याला ठाऊक. दीड वर्ष झालं आमच्या ओळखीला. मला त्याच्याशीच लग्न करायचंय, आत्या. तो गुजराती आहे. त्याची आई ममताबेन मला थेपले पाठवते, पण त्यांच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. आणि आपल्याकडे बुधवारी मासे नसले तर बाबा ताटावरून उठतात. एकदा मला घरच्या कालवणाची फार आठवण आली म्हणून नीरजनेच चौक शोधून काढलं. तो तिथे येतो, सोलकढी-भात घेतो आणि वाऱ्याकडे तोंड करून बसतो.

बाबांना फोन करायला मी तीनदा मोबाइल उचलला. पोचलात का, जेवलात का, यापुढे मला काही येत नाही. तू सांगशील का गं त्यांना? ते नाही म्हणाले तर मी काय करू, याचा विचारही मला करवत नाही.

तुझ्या लोभावरच सगळं उभं आहे.

तुझी,
रुचिता


दापोली,
३१ जानेवारी २०२५

चि. रुचितास अनेक आशीर्वाद.

वि. वि. पेन मीच चालवलं आणि मीच फसले. शिक्षा म्हणून 'स्पॉट' हा शब्द मी वहीत दहा वेळा लिहिला आहे.

पण तुला एक सांगते, मला थोडं वाईट वाटलं. तुझ्या वयात मला अकरा जण पाहून गेले. अकरा वेळा मी पोहे केले. पोह्यांना कोणी नाव ठेवलं नाही, माझ्या कानांना ठेवलं. बाराव्याच्या वेळी मी आईला सांगितलं की आता पोहे करणार नाही, बीएड करते. त्यामुळे आपली पोर गावोगाव हिंडून भजी थंड म्हणून नकार देते, हे वाचून मी चार दिवस ताठ मानेने बाजारात गेले होते. ते खरं नसलं तरी ते चार दिवस माझे छान गेले.

दादाला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. मी सांगितलं तर तो मला हो किंवा नाही म्हणेल, आणि तुम्ही दोघं पुन्हा पोचलीस-जेवलीसवर याल. स्थळ पाहायला निघालाय, तर येऊ दे. नीरजला सोबत घे. बाबांच्या पुढ्यात ताट आलं की बोल. तो भरल्या ताटावरून बुधवारशिवाय उठत नाही.

तुझ्याबरोबर मी आहे, हे लिहायची गरज नाही तरी लिहिते.

लोभ तुझ्यावर, निम्मा त्या खोकेवाल्यावर.

तुझी,
हंसाआत्या


दापोली,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. रुचितास बाबांचे आशीर्वाद.

वि. वि. पत्र लिहायची मला सवय नाही. कागद हंसाने दिला आणि ती आत जाऊन बसली आहे.

रविवारी शांतीबाईंच्या ओसरीवर तू म्हणालीस की बाबा, शांतीबाईंना मुलगाच नाही, तुम्ही पाहायला आलात ते स्थळ म्हणजे हा नीरज.  मी भात कालवायला घेतला. तुला वाटलं असेल मला राग आला.  ताट पुढ्यात होतं म्हणून जेवलो. सुरमई चांगली होती.

बोरिवलीला एसटी सुटेपर्यंत नीरज थांबला. तू पाण्याची बाटली आणायला गेलीस तेव्हा त्याने मला विचारलं, की रुचिता चौकला कालवण खाते पण दर वेळी घरच्यासारखं नाही म्हणते, तर घरचं म्हणजे कोणत्या माशाचं आणि कसं, तेवढं सांगा, शांतीबाईंना सांगून तसं करवून घेतो. मराठी तो अडखळत बोलतो पण विचारायचं ते नीट विचारतो.

मला सांगता आलं नाही. तुझी आई करायची आणि तू वाटी चाटून ठेवायचीस, एवढं आठवलं. मासा कोणता ते आठवेना. सबंध प्रवासात तेच डोक्यात होतं. घरी आल्यावर हंसाला विचारलं. तिने भाजी निवडता निवडता सांगितलं, मांदेली, कैरी घालून, आणि वरून कच्चं खोबरेल. मी तुझ्या शेजारच्या पाटावर इतकी वर्षं जेवलो. ज्याला माशाचा वास सहन होत नाही त्याला हे जाणून घ्यायचं आहे आणि मला माहीत नव्हतं. राग आला तो माझा मलाच. त्याला मांदेलीचं कळव.

होळीला त्याच्या आईवडिलांना घेऊन ये. ती मंडळी असतील तोवर घरात मासे येणार नाहीत, मी कोळणीला तसं सांगून ठेवलं आहे. बुधवार मध्ये आला तरी चालेल. नवी भांडी हंसा आणणार आहे. ममताबेन कांदा-लसूण खातात की तेही नाही, हे विचारून लवकर लिही. फोनवर नको, पत्रच पाठव. या वेळी ते मी स्वतः वाचीन.

लोभ पहिल्यापासून होता, लिहायचा राहून गेला.

तुझे,
बाबा