खडकावरचं जुनिपर

लिंगहोल्म बेट,
१२ मे १९५७

प्रिय सिवर्त भाऊजी,

नमस्कार. तुमचं पत्र कधीच पोचलं. मेंढ्या वीत होत्या, म्हणून उत्तराला उशीर झाला. यंदा हेरिंग मासे बरे लागले. गोठ्याची कौलं बदलली. शेजारच्या ओलीनकाकूचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. तुम्ही आपल्या गुडलौगच्या लग्नाला येत नाही हे कळल्यावर म्हणाली, "लढाईत समुद्रापलीकडच्या शेटलंडहून जर्मनांना चुकवत अंधारात यायचा, आता भर दिवसा यायला भितो होय?"

गुडलौग हसली नाही. "काका नसला तर चर्चमध्ये माझा हात कोण धरणार? तू का, काकू?" एवढं म्हणून पीठ मळत राहिली. बाप मिळणार नाही हे तिला ठाऊक आहे. त्याच्या जागी तुम्ही उभं राहावं, एवढंच तिचं म्हणणं.

तुम्ही कारण लिहिलंत. त्रेचाळीस सालच्या त्या फेरीत तुमची लाँच दिवसभर आमच्याच बेटामागे खडकाला लागून, जाळी आणि झुडपांखाली लपली होती. टोर्केल म्हणाला, "अर्धा तास सोड, पोरीला बघून येतो." तुम्ही कप्तान, तुम्ही नाही म्हणालात आणि खाली इंजिनाशी जाऊन झोपलात. परतताना जर्मन विमानाने गाठलं, तो गेला. आता पोरीच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू, असं विचारता.

फिरत्या वाचनालयाच्या पेटीतून आरमारावरचं एक पुस्तक आलं होतं. तुमच्या लाँचला त्यात दोन ओळी आहेत. त्यात नाही ते मी सांगते.

त्या सकाळी मी छोट्या गुडलौगला घेऊन मेंढ्यांमागे टेकडीवर गेले. जिथे गवत धरत नाही त्या खडकावर रातोरात जुनिपरचं काटेरी झुडूप उगवलेलं दिसलं. वाटेवर ताजे पांढरे बुंधे होते, जमिनीलगत, तिरके कापलेले. बिअरचं पिंप धुवायला टोर्केल जुनिपर तसं कापायचा. बाकी सगळे शेंडे छाटतात. समोरच्या बेटावर जर्मनांची दुर्बीण होती. मी बुंध्यांना चिखल फासला आणि खडकाकडे पाठ करून विणत बसले. गुडलौगला समोर बसवलं, खडकाकडे तोंड करून.

"गा," म्हटलं.

"कुठलं?"

"कुठलंही. मोठ्यानं."

संपलं की पुन्हा गायला लावायचे. शेवटी रुसली. जाळीखाली कुणीतरी खोकलं. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. मी मागे वळले नाही.

तेव्हा त्याने तिला पाहिलंय, भाऊजी, ऐकलंयही. तुम्हाला सांगायचं त्याचं राहूनच गेलं. मी कुणालाच सांगितलं नाही. लोकांनी विचारलं असतं, वळली का नाहीस? दुर्बीण होती, हे उत्तर खरं आहे. पण ते रोज पुरतं असं नाही.

गुडलौगला फक्त आठवतं, आईने एकदा घसा बसेपर्यंत गायला लावलं. ते कशासाठी, हे तिला तुमच्यासमोर सांगायचं ठरवलंय.

लग्न जूनच्या तिसऱ्या शनिवारी. बिअर त्याआधी आंबवायला लावायची. पिंप कोरडं पडलंय. टोर्केलचा कोयता धार लावून खुंटीला अडकवलाय. जुनिपर कुठून कापायचं ते मी दाखवीन.

वाट पाहायची माझी सवय मोडलीय. तेव्हा उत्तर नको, या.

तुमची वहिनी,
बोर्गनी