सियाले वाचते

४ मार्च
पुन्हा तेच! सियालेने पुस्तक पालथं घातलं. "बाई, पोट दुखतंय."
घरातही बाईच म्हणते मला. सेमिसीशी लग्न होऊन सात महिने झाले. सियाले त्याची लेक; ती चारची असताना तिची आई गेली. आता आठची, तिसरीत, आणि माझ्याच वर्गात. वाचायची पाळी आली की चित्र बघून काहीतरी ठोकून देते. पोरं हसतात. म्हणून रोज जेवणाआधी मी तिला घेऊन बसते. चुकली की तिथेच थांबवते. नाहीतर सुधारणार कशी?

५ मार्च
दोन ओळी. मग रडणं. आधी तिचं, नंतर मोरीत जाऊन माझं.

९ मार्च, रविवार
चर्चहून आल्यावर लाविनियावन्सं जेवायला होत्या. सेमिसीची थोरली बहीण, म्हणजे सियालेची आत्या. आमच्या बेटांवर घरात शेवटचा शब्द आत्याचा! त्यापुढे कोण बोलणार?
नारळाच्या दुधातलं अळू वाढता वाढता मी पोरीचं रडगाणं सांगितलं. झालं!
"दिवसभर शाळेत बाई, घरी आलं की परत बाई! पोरीने श्वास कधी घ्यायचा? उद्यापासून शाळा सुटली की माझ्याकडे. आम्ही चटया विणतो, ती वाचून दाखवेल. हात गुंतलेले, तोंडं रिकामी. नुसत्या चहाड्या चालतात!"
"वन्सं, तिला नीट येत नाही हो."
"मग अडखळेल. आम्हाला कुठे आगबोट गाठायचीय?"
सेमिसी ताटात बघत राहिला. भित्रा!

११ मार्च
राहवलं नाही. वन्संच्या ओसरीमागे जाऊन उभी राहिले — चोरासारखी.
चार बायका, मधे केवड्याच्या पातींचा ढीग, आणि ढिगाला टेकून सियाले. गोष्ट एका खादाड डुकराची. ती वाचते, "पाद्रीबाबांनी... वाळत घातलेला सदरा... खाल्ला."
बायका आडव्याच झाल्या हसून! वन्सं म्हणतात, "अगं बाई! घरी काही शिजत नाही वाटतं त्यांच्याकडे?"
वाटलं, आता रडणार. पण ती पुन्हा पानात घुसली. बोट ठेवलं. "नाही, नाही! पाद्रीबाबांनी वाळत घातलेला — डुकराने खाल्ला!"
"मग बरोबर. पुढे काय झालं गं?"
स्वतः सुधारलं. स्वतः! मी असते तर दुसऱ्या शब्दालाच अडवलं असतं.

१४ मार्च
वर्गात आज जीभ दाताखाली धरून बसले. सियाले चुकली. मी गप्प. मागे गेली, परत वाचलं, जमलं! शेजारचा पेनी हसायला लागला तर म्हणते कशी, "थांब, अजून संपलं नाही."

१७ मार्च
जळते मी. हो, जळते! आत्याच्या ओसरीवर गोष्टी, आणि माझ्यापाशी पोटदुखी.
सेमिसीला म्हटलं तर म्हणतो, "तिथे तिला कोणी तपासत नाही गं. तूही जा. शिकवू नको. नुसती बस."
भित्रा असला तरी मूर्ख नाही.

२० मार्च
गेले. रिकाम्या हाती बसू दिलं नाहीच. वन्संनी पाती दिल्या. मी नेयाफू शहरात वाढलेली, विणायची कधी वेळच आली नाही. दोन ओळींत सगळं वाकडं!
"बाईंची चटई बघा गं! मासे गाळायला बरी आहे."
सियाले खुदकन हसली. मग सरकत जवळ आली. "असं नाही, बाई. ही पात खालून." माझा हात धरून दाखवलं. चुकले, तर परत दाखवलं. न रागावता.
मी कधी शिकवलंय का इतक्या हळू?

१ एप्रिल
आज ओसरीवर सियाले लांबलचक गोष्ट वाचत होती. एका शब्दाशी अडली. पानातून मान वर न काढता म्हणाली, "आई, हे काय आहे?"
चारही जणींचे हात थांबले. वन्संनी सगळ्यांवर डोळे वटारले. खबरदार, कोणी काही बोललं तर!
मी शब्द सांगितला. ती पुढे वाचू लागली.