दोन औषधांत तिसरं

प्रिय विनू,

काल दवाखान्यातून फोन आला. नव्या औषधांच्या चाचणीत घेतलेल्यांची ते अधूनमधून अशी विचारपूस करतात, हे तूच सांगितलं होतंस. फोनवरच्या पोरीनं विचारलं, "विनायकराव कसे आहेत?" माझ्या तोंडून आधी "बरा आहे" असंच निघालं. मग सांगितलं, पोळ्याच्या आधीच गेला माझा भाऊ. फोन ठेवल्यापासून कशात जीव लागत नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं आहे, पण तुला सवय आहे त्याची.

आठवतं, डॉक्टरांनी किती समजावलं होतं? कॅन्सर फुप्फुसातून हाडांत गेलाय, दोन औषधं जोडीनं देऊन पाहू, गुण येईलच असं नाही. अन् तू मला म्हणालास, "बाई, कपाशीवर एकाच पंपात दोन औषधं मारतोच न आपण? आता माह्यावर मारून राह्यले." एवढ्या दुखण्यात कोणी हसवतं का रे?

पण खोकला खरंच कमी झाला. ओट्यावर येऊन बसायला लागलास. एकदा तर बोरीच्या बाजारातून वांगी आणलीस, तीही किडकी!

मग तुझ्या लेकीचे, आपल्या छायाचे सासरे महागावहून आले. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण जातं? त्यांनी जडीबुटीचा काढा आणला, स्वतः रान हिंडून, स्वतः उकळून. न विचारता दुसरं काही घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी डोळ्यानं खुणावलं. तू पाहिलंस, तरी प्यालास. बाटली संपेपर्यंत पीत राहिलास. लेक दिलेल्या घरचा पेला कसा परत करायचा, म्हणे. भीड भिकेची बहीण, हे आई उगाच सांगायची का?

पुढच्या तपासणीत लिव्हर बिघडलेलं निघालं. काढ्याचं तू आपणहून सांगितलंस. दोन्ही औषधं थांबवली, ती पुन्हा सुरू झालीच नाहीत. बिघाड काढ्यानं झाला की त्या औषधांनीच, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. काल त्या पोरीला विचारलं, औषधं चालू राहिली असती तर माझा भाऊ जगला असता का? ती हळूच म्हणाली, "आजी, ते अजून कोणालाच माहीत नाही."

मग विनू, मी रागावू तरी कोणावर?

तुझ्यामागं या घरात मी एकटी. व्याही येतात, पण दारातच उभे राहतात, चपला काढत नाहीत. परवा म्हणाले, "ताई, माह्या काढ्यानंच तर नाही न झालं?" मी पदर तोंडाला लावून आत गेले. बाहेर आले तोवर ते निघून गेले होते.

"नाही" म्हटलं तर खोटं, "हो" म्हटलं तरी खोटंच. तुला शब्द देते, पुढच्या खेपेला त्यांना आत बसवीन. डॉक्टर बोलले तेवढंच सांगीन. रडले तर रडू देईन, मीही रडेन. पण तुझ्या दारातून त्यांना तसंच परत जाऊ देणार नाही.

तुझी,
बाई