तापाच्या वॉर्डाचं नाव

सोमवार, ता. ४

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुला तरी निम्मंच ऐकू येतं, म्हणून आपलं पत्रच बरं. आधी तब्येतीचं: मी ठीक, चिमी ठीक, दोघी वेळेवर जेवतो. तुला खोटं वाटेल, पण जेवतो.

तापाची साथ काही हटायचं नाव घेत नाही. खाटा भरलेल्या, निम्म्या सिस्टर स्वतःच अंथरुणाला खिळलेल्या, आणि वरून मिळणारी जादा माणसं आज येतील, उद्या येतील असं नुसतं चाललंय. अधीक्षक झाले तेव्हा वाटलं होतं, आता खुर्चीत बसायचं. बसायला सवड कुठे आहे!

एक गोष्ट मात्र मी सोडलेली नाही. दर सोमवारी सकाळी, रुग्णांसाठी दार उघडायच्या आधी, मोठ्या दालनात सगळ्यांना जमवते आणि जे असेल ते खरं सांगते. कुठलं औषध संपत आलंय, कोण आजारी पडलं, कोण बरं होऊन कामावर आलं. नाहीतर जिन्यात कुजबुज सुरू होते आणि दुपारपर्यंत हॉस्पिटल बंद पडणार असल्याची बातमी मलाच येऊन कळते. शेवटी, ज्यांनी कंबर कसून काम केलं त्यांची नावं घेते. आज धुलाईवाल्या मामांचं घेतलं, तर ते इतके लाजले की वजनकाट्यामागे जाऊन उभे राहिले.

चिमीचं नाव मी घेत नाही. ती इन्चार्ज आहे म्हणून तापाच्या वॉर्डाचंही नाही. अधीक्षकबाई बहिणीचे गोडवे गातात असं कुणी म्हणायला नको. तूही नाही का, मी तुझ्या वर्गात असताना मला कधी कविता म्हणायला उभं केलं नाहीस! चिमीला हे कळतं, ती समजूतदार आहे. हल्ली जरा गप्प असते, पण दमली असेल.

उत्तर लवकर धाड. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई

बुधवार, ता. ६

ती. आईस सा. न. वि. वि.

आधीच बजावते, हे ताईला कळवायचं नाही. मी बदलीचा अर्ज दिलाय, दुसऱ्या हॉस्पिटलात जायचा. आज कार्यालयात दिला, तिच्या टेबलावर पोचायला तिथले लोक आठवडा लावतील.

लगेच डोक्याला हात लावू नकोस, ऐक. मला माझं नाव घेतलेलं नकोय. ताई माझं कौतुक करायला लागली तर मीच पळून जाईन. पण माझ्या वॉर्डातल्या मावशी दर सोमवारी धुतलेला एप्रन घालून, केस नीट बांधून अगदी पुढे उभ्या राहतात. आज आपला नंबर, अशा तोंडानं. ताई स्वयंपाकघराचं नाव घेते, रक्त तपासणाऱ्यांचं घेते, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचंही घेते. सगळ्यात जास्त ताप जिथे येतोय त्या वॉर्डाचं काही नाही. मावशी टाळ्या वाजवतात आणि येऊन पुन्हा भांडी धुवायला लागतात. रात्रपाळीची सिस्टर तान्हं बाळ सासूपाशी ठेवून येते, तिचंही कुणी नाव काढत नाही.

परवा आमचे वॉर्डातले मामा हसत हसत म्हणाले की सिस्टर, तुम्ही इथून हललात तर आमचा नंबर लागेल बघा. सगळे हसले, मीही हसले. मग चादरींच्या खोलीत जाऊन भरपूर रडले. ते चुकीचं काय बोलले, सांग? माझ्यापायी ही माणसं मार खाताहेत.

मला जायचं नाहीये गं. हा वॉर्ड मी एकेक खाट लावून उभा केलाय. पण ताईला कोण सांगणार? मी सांगितलं तर मलाच नाव हवंय असं दिसेल.

आशीर्वाद असू दे, यावेळी जरा जास्तच.

तुझी,
चिमी

शनिवार, ता. ९

चि. ताईस अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र सोमवारच्या आत तुझ्या हाती पडावं म्हणून तुमच्याकडे तपासणीला येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर देतेय. चिमीनं तुला काही सांगू नको म्हणून बजावलंय, म्हणून लगेच सांगते. तिनं बदलीचा अर्ज दिलाय. तू वॉर्डाचं नाव घेत नाहीस ते आपल्यामुळे, असं तिच्या मनानं घेतलंय. आणि ते खरंच आहे.

माझ्या वर्गाचा दाखला मला देऊ नकोस. तुला मी उभं केलं नाही, कबूल. पण तुझ्या बाकावरच्या बाकीच्या मुली कविता म्हणत होत्याच ना? तुझ्यापायी मी अख्खा बाक गप्प बसवला नव्हता. तू तर वॉर्डच्या वॉर्ड गाळून मोकळी झालीस!

तू खरं सांगतेस म्हणून ती माणसं सोमवारी येऊन उभी राहतात. मग औषधाचं खरं सांगायचं आणि माणसांचं निम्मंच, हे कसं काय? लोकांची एवढी धास्ती घेऊन हॉस्पिटल चालतं होय? बोलणारे दोन्हीकडून बोलतात.

काय करायचं ते तुझं तू बघ. आणि दोघी जेवतो असं एका दमात दोनदा लिहिलंस, तेव्हाच कळलं किती जेवता ते. मी दोघींवर सारखीच रागावलेय आणि दोघींची सारखीच वाट बघतेय.

तुझी,
आई

सोमवार, ता. ११

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझ्या पोटात काही राहत नाही! असो, रागवायला सवड नाही.

आज ताईनं आधी वाईट बातमी सांगितली. जादा माणसं या महिन्यात येत नाहीत, असं सरळ सांगून टाकलं. मग म्हणाली की एक गोष्ट तिनं आजवर अर्धवट ठेवली. तापाच्या वॉर्डाचं नाव घेतलं नाही, कारण तिथली इन्चार्ज तिची सख्खी बहीण. लोक काय म्हणतील ही भीती तिची, आणि भोगली वॉर्डानं. मग एकेकाचं नाव घेतलं, काम सांगितलं. मावशींचं घेतलं तेव्हा मावशी मागे वळून बघायला लागल्या, दुसऱ्या कुणी मावशी आहेत की काय! रात्रपाळीच्या सिस्टरनं तर तोंडच झाकून घेतलं. आमचे मामा तर टाळ्या वाजवून थकेनात.

शेवटी माझं. इन्चार्ज सिस्टर एवढं म्हणाली आणि पुढे शब्दच फुटेना. आई, या साथीत तिनं काय काय वाईट सांगितलं असेल, पण आवाज कधी हलला नव्हता. आज सगळ्यांसमोर डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी खांबाला टेकून उभी होते, राहवेना. गेले आणि तिला मिठी मारली. वशिल्याचं कुणी काही बोललं नाही. तक्रार एकच आली, स्वयंपाक्याची, की मागे आमचं एका वाक्यात उरकलंत.

दुपारी तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, माझा अर्ज फाडून टाक. तर म्हणते, आलेला अर्ज फाडता येत नाही, मागे घेण्याचा दुसरा अर्ज लिही. काय म्हणावं हिला! तिथेच उभ्यानं लिहिला. तिनं तो नीट वाचला, मंजूर लिहिलं, सही केली. पण सही होईपर्यंत डाव्या हातानं माझा हात जो घट्ट धरला होता, तो काही सोडला नाही.

आम्ही दोघी मिळून तुला नमस्कार करतो. ममता असू दे.

तुझी,
चिमी