घ्यायची की ओढायची

३ फेब्रुवारी, सोमवार

लॉन्ड्रीतल्या मावशी आज पुन्हा धापा टाकत दवाखान्यात आल्या. इस्त्रीच्या टेबलावर दिवसभर उभं राहायचं काम, त्यात दमा. तीन महिन्यांत चौथी वेळ! डॉक्टरांनी वाफ दिली तेव्हा कुठे बोलता आलं. मग औषधाच्या खिडकीशी, माझ्याकडे आल्या. मी विचारलं, दम्याची कॅप्सूल घेता का? घेते की, म्हणाल्या. रोज? सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

न चुकता घेतली तर एवढा दम लागतोच कसा? खोटं बोलायचं आणि वर माझ्याकडे बघून हसायचं! मी केसपेपरवर लिहून टाकलं — रुग्ण औषध नियमित घेत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेजातल्या प्राध्यापिका आल्या होत्या. त्यांनाही दमा, त्यांचीही हीच कॅप्सूल. हातात कागद, कागदावर सात प्रश्न. सवय लागेल का? नंतर चूळ का भरायची? कॅप्सूलचं मशीन धुवायचं कसं? डॉक्टर खुशीत येऊन समजावत बसले. मीही कपाटातलं मशीन काढून दाखवलं. वीस मिनिटं गेली. जाताना गोड हसून आभार मानतात, मला आवडतात त्या.

मावशींना मी सोमवारी दोन मिनिटंही दिली नाहीत. त्यांनी काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. रांग मोठी होती म्हणावं, तर रांग आजही होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर म्हणतात, मावशींचा डोस वाढवू, नाहीच जमलं तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवू. तिकडे मुकादमाने त्यांना बजावलंय — आणखी एक खाडा झाला, तर टेबलावर दुसरी बाई उभी करीन. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवते.

मावशी वाढीव औषध घ्यायला आल्या. मी पाकीट दिलं. सकाळची राहिलीय म्हणाल्या, तिथेच कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि घटाघटा पाणी प्यायल्या. माझ्या डोळ्यांदेखत!

मी म्हणाले, "मावशी, ही गिळायची नाही. मशीनमध्ये घालून तोंडाने ओढायची."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मग ओढायची म्हणायचं ना, बाई. तुम्ही दर वेळी घ्यायची म्हणता."

मशीनचं विचारलं. ते घरी फडक्यात गुंडाळून ठेवलंय, फारच झालं तर काढायचं म्हणून. वर्षभर जपून ठेवलंय. मी ते दिलं तेव्हा उघडून दाखवलं होतं का? नाही. कॅप्सूलच्या पाकिटावर छापलंय की गिळू नये, पण मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि मावशींची शाळा दुसरीतच सुटली. वर्षभर ही बाई खरंच न चुकता औषध घेत होती आणि त्यातलं काहीच छातीपर्यंत पोचत नव्हतं.

कपाटातलं मशीन काढलं. ओढताना आतली कॅप्सूल भुरभुर वाजली पाहिजे, मग श्वास धरायचा. बिडीसारखं का, म्हणून विचारलं त्यांनी. अगदी तसंच, फक्त ही ओढल्याने खोकला जातो, म्हटलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. तिसऱ्या खेपेला जमलं.

केसपेपरवरचं ते वाक्य खोडलं. फार लाज वाटली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आईला सहज विचारलं, कॅप्सूल घ्यायची म्हणजे काय गं करायचं? तोंडात टाकायची आणि पाणी प्यायचं, म्हणाली. आणखी काय करणार? वर माझ्याकडेच विचित्र नजरेने बघितलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर कॅप्सूलवाल्या प्रत्येकाला खिडकीशी थांबवलं. सांगत नाही, विचारते — कशी घेता ते करून दाखवा. आधी डॉक्टर कुरकुरले, रांग तुंबते म्हणून. मग स्वतःच बघत उभे राहिले.

एकोणीस जणांपैकी सात जण गिळतात! सहा जण शाळेत फारसे न गेलेले. सातवे निवृत्त कारकून, चांगले शिकलेले. विचारायची लाज वाटली म्हणाले. कोणालाच रागावता येईना.

आता मी "घ्या" म्हणतच नाही. जीभ अडखळते, पण "ओढा" म्हणते.

१ मार्च, शनिवार

मावशी जिना एका दमात चढून आल्या! तीन आठवड्यांत एकही खाडा नाही. मुकादम आता गप्प आहे म्हणे. मला इतका आनंद झाला की खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा हात धरला. आज बरं वाटतंय.

३ मार्च, सोमवार

मावशी आज दवाखाना बंद व्हायच्या वेळी आल्या. औषध नको होतं. त्यांची थोरली बहीण गेल्या वर्षी दम्याने गेली. तिची औषधंही याच खिडकीतून, माझ्याच हातून जायची. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची, हे मावशींना तिनेच शिकवलं होतं.

"ताईलाही ओढायचीच होती का हो?"

मी हो म्हणाले.