उजवी कळी

मालवण, १२ एप्रिल १९५८

तीर्थस्वरूप कावेरीताईस, धाकट्या जयरामाचा नमस्कार.

लहानपणी तू मला किनाऱ्यावर बसवून समुद्रातला किल्ला दाखवायचीस आणि "ती बघ लंका" म्हणायचीस. आईमागे तूच मला वाढवलेस, बी. कॉम. केलेस, म्हणून खरी लंका तुझ्याशिवाय पाहायची नाही, असे मी ठरवले आहे. आधी सिलोनमधले प्राचीन अनुराधपूर, मग बोटीने ब्रह्मदेश आणि पगानची पडकी मंदिरे. दोघांचाही हा पहिलाच परदेश. भावोजी गेल्यापासून तू मात्र कट्टा गावाबाहेर पडली नाहीस. "देवान कौल दिल्यान तर येयन," म्हणालीस, कारण मी कौल लावायला जाणार नाही, ही तुझी खात्री.

काल देवळात गेलो. म्हाताऱ्या गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. मग त्याने गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, कावेरी आणि तिचो भाव जून म्हयन्यात लंकेक जातत. तुझी खुशी आसात तर उजवो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली, आणि डावी कळी पडली.

माझा चेहरा पाहून गुरव हसला. "देव नको म्हणना नाय रे, भर पावसात बोट नको म्हणता."

कचेरीतले वार्षिक हिशेब मे महिन्यात संपतात, म्हणून जून मीच निवडला होता. डिसेंबर सांगून पुन्हा विचारले. उजवी पडली. देवाशी घासाघीस केलीस, असे तू म्हणशील. ते मान्य आहे.

ही कळी सोबत पाठवणार होतो. परंतु टपालात ती चुरगळेल. तेव्हा पत्र घरीच ठेवतो आणि उद्याच्या एस.टी.ने कळी घेऊन स्वतः येतो. नाही म्हणायचे असेल, तर तिच्याकडे पाहून म्हण.

लंका अजून न पाहिलेला तुझा भाऊ,
जयराम