डावीकडे राखुंडी, उजवीकडे औषध

२९ जून २०२५, रविवार
वरचा डावा दात, सुळ्याच्या अलीकडचा, हलतो. हलतो म्हणजे जिभेने ढकलला तर. बायकोने, सरलाने, भाकरीच्या तुकड्याला रक्त पाहिलं आणि सगळ्या गल्लीला सांगितलं. शेवटी डिंडोलीत धनश्रीच्या दवाखान्यात गेलो. ही भगवानची मुलगी. भगवान मिलमध्ये माझ्या हाताखाली रंगाच्या बादल्या उचलायचा. आता त्याची मुलगी मला म्हणते, "काका, आ करा."
तिचं म्हणणं: दातांवर प्लाक आहे, म्हणजे जंतूंचा थर. हिरडीखाली तो दगडासारखा झालाय. मशीनने साफ करावा लागेल, मग औषधाच्या गुळण्या. नाहीतर दात जाईल.
विचार करून सांगतो म्हटलं. मी कलर मास्तर आहे. थर कसा चढतो नि कसा उतरतो हे मला शिकवू नये. गुळण्यांची बाटली तेवढी घेतली.
काळजी एकच. महिन्यावर कानबाई आली, आम्हा खानदेशी लोकांचा श्रावणातला देवीचा सण. सुरतेतल्या आमच्या भावकीत मी थोरला. प्रसादाचा पहिला रोट, म्हणजे जाड कडक पोळी, मीच तोडतो, तोही दाताने, सगळ्यांच्या देखत. वडील पंचाहत्तरीपर्यंत तोडत होते.

३० जून
जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर प्लाकचा अभ्यास केला. सोपं आहे. आधी गोल जंतू येतात आणि दातावर जागा धरतात. त्यांच्या ओळखीने लांबट जंतू येतात. मग दाटी होते, आणि ज्यांना हवा सोसत नाही असे वाईट जंतू पार तळाला, हिरडीखाली घर करतात. म्हणजे सुरतेतली आमची लिंबायतची वस्तीच. आधी एकटा माणूस येतो, मग मेव्हणा, मग मेव्हण्याचा साडू.
प्रश्न एवढाच, की ही वस्ती कोण उठवतं? धनश्रीचं औषध की वडिलांची राखुंडी?
ठरलं. प्रयोग करायचा. मिलमध्ये नवीन रंग आला की आम्ही एकाच ताग्याचे दोन तुकडे करतो. तोंड एकच, बाजू दोन. डावीकडे राखुंडी, उजवीकडे औषध. डॉक्टर लोकांना हे कधी सुचायचं नाही.

१ जुलै
राखुंडी तयार. गोवरीची राख, तुरटी, सैंधव, लवंग. सगळं जॉर्जेटच्या तुकड्यातून चाळलं. सरलाची नवीन ओढणी होती. तुकडा लहानच कापला.
औषध डावीकडे जाऊ नये म्हणून मान उजवीकडे पाडून गुळणी करायची. मोरीत असा उभा होतो तेव्हा सरला म्हणाली, "दात शेतस का साडीना काठ? डावा येगळा नि उजवा येगळा?"
काठाची उपमा चांगली आहे.

५ जुलै
औषधाने चहाची चव गेली. राखुंडीने चव जात नाही. राखुंडीला एक गुण.
मेव्हणा कुंदन आला होता. मान वाकडी बघून म्हणाला, "दाजी, लकवा तर नाही ना मारला?" ह्या लोकांना विज्ञान कळत नाही.

१२ जुलै
निकाल दिसायला लागला! उजवीकडचे दात तपकिरी पडलेत. सरळ चहाचा रंग. डावीकडचे पांढरेशुभ्र, मोत्यासारखे. दारात उभं राहून उजेडात तपासले. ट्यूबलाइटमध्ये मी शेड बघत नाही, हा माझा नियम आहे.
डावीकडून थोडं रक्त येतं. घाण बाहेर पडताना येणारच.

१९ जुलै, शनिवार
धनश्रीला निकाल दाखवायला मुद्दाम गेलो. भगवानही बसला होता. बरं झालं, साक्षीदार मिळाला.
ती म्हणाली, "काका, ह्या औषधाने डाग पडतात. ते वरचे असतात, निघतात." मी म्हटलं, डाग पाडणारं औषध आमच्या मिलमध्ये कोणी गेटच्या आत येऊ देणार नाही.
मग तिने एक गुलाबी गोळी चघळायला दिली. म्हणाली, चूळ भरल्यावर कुठे रंग राहतो ते आरशात बघा.
बघितलं. उजवीकडे जवळजवळ काही नाही. डावीकडे मात्र काय रंग चढला होता! राणी कलर, एकसारखा, हिरडीच्या कडेपर्यंत भरलेला. असा रंग हल्ली मिलच्या जेट मशीनवर पण निघत नाही.
मी दोघांना समजावून सांगितलं. कापडात तेल, कांजी राहिली तर रंग धरत नाही. कापड जितकं स्वच्छ धुतलेलं, तितका रंग पक्का चढतो. म्हणजे डावी बाजू स्वच्छ. धंद्यातला पहिला धडा आहे.
धनश्री म्हणाली, "काका, इथे उलटं असतं. रंग दाताला नाही, प्लाकला धरतो. जिथे गुलाबी, तिथे जंतू."
मी भगवानकडे बघितलं. तो म्हणाला, "मास्तर, पोरीचं ऐका एकदा."
इतकी वर्षं बादल्या उचलल्या, पण रंग कळला नाही त्याला.
मशीनने साफ करून घ्यायला नाही म्हणून आलो.

२० जुलै
औषध बंद. प्रयोग संपला, राखुंडी जिंकली. आता दोन्हीकडे राखुंडी.

२८ जुलै
दात जिभेने न ढकलताही हलतो. जुनी पकड सुटून नवी धरत असावा.
सरलाने मऊ रोट करते म्हटलं. चक्क नाही म्हटलं.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई.
सगळी भावकी जमली. भेस्तानहून, उधन्याहून. भगवान आणि धनश्री दर्शनाला आले होते. मी मुद्दाम हसून दात दाखवले.
आरती झाली. रोट हातात घेतला. डाव्या बाजूने धरला, मुद्दाम.
रोट तुटला. सोबत दातही.
तो रोटाच्या तुकड्यात उभाच होता, सरळ, पांढराशुभ्र. वरून. मुळाला मात्र काळपट दगडी थर होता, तो सगळ्यांनी पाहिला. पोरं हसली.
पुढची अडचण वेगळीच. कानबाईचा रोट घराबाहेर देता येत नाही आणि टाकताही येत नाही. आता ह्या तुकड्याचं काय? सगळे इंदुबाई काकूंकडे बघायला लागले, भावकीत रीतभात त्यांनाच विचारतात. काकू म्हणाल्या, "दात काढ नि खा."
खाल्ला. सगळा. उजव्या बाजूने चावून.
उजवी बाजू रोटासाठी ठीक आहे, असं नोंदवतो. फक्त रोटासाठी.

४ ऑगस्ट
कानबाईचं विसर्जन करून दवाखान्यात गेलो. सरला सोबत होती, म्हणजे मागे उभी होती. धनश्रीने सगळे दात मशीनने साफ केले. उजवीकडचे तपकिरी डाग चुटकीसरशी निघाले. कच्चा रंग.
दात बसवायचा ठरला. धनश्रीने दातांच्या शेडचं कार्ड काढलं. दाताएवढे नमुने, ओळीने लावलेले! इतके दिवस हे लपवून का ठेवलं होतं कोण जाणे. तिने एक पिवळसर नमुना धरला, "काका, हा जुळतो." मी कार्ड घेऊन दारात गेलो, उजेडात. सगळ्यात पांढरा निवडला. राखुंडीच्या दिवसांतली ती खरी शेड होती, मला पाठ आहे.
ती म्हणाली, "वेगळा दिसेल." सरला म्हणाली, "पोरीचं ऐका." मी म्हटलं, शेड मास्तर ठरवतो.
धनश्रीने लिहून घेतलं.

२४ ऑगस्ट, रविवार
दात बसला. दारात आरसा धरून बघितला.
कुंदन म्हणतो, "दाजी, अंधारात बॅटरी लागते असा दिसतो." सरला पदर तोंडाला लावून आत गेली. भगवानने मात्र नीट बघितला आणि म्हणाला, "मास्तर, शेड चुकली."
चुकलेली नाही. हा दात बरोबर आहे. बाकीचे सगळे चुकीच्या शेडमध्ये आहेत.
उद्यापासून दोन्ही बाजूंना धनश्रीची पेस्ट. राखुंडीचा डबा सरलाने भांडी घासायला नेला. भांडी पांढरीशुभ्र निघतायत.